कांचनचे जोडशब्द

माझी धाकटी जाऊ कांचन गवारीच्या शेंगा मोडता मोडता इंग्रजी शब्द मोडायची. शेंग मोडताना कट् असा बारीक आवाज होतो, त्या तालावर ती म्हणायची, "टूथ... पेस्ट. नोट... बुक. फुट... बॉल." तुकडे परातीत पडायचे. गवार संपायची, पण तिचे शब्द संपायचे नाहीत. मी शेजारी बसून तीच गवार मोडायचे, मुकाट्याने. माझं डी.एड. झालेलं. इंग्रजीत मी वर्गात पहिली आलेली. तिचे सगळे शब्द मला येत होते, त्यांची व्याख्याही येत होती. शेंगा मोडताना ते मोठ्यानं म्हणावेत, एवढं मात्र मला कधी सुचलं नव्हतं. तिच्याविषयी मला पुढे जे जे वाटत गेलं, त्याची सुरुवात बहुतेक या गवारीपासून झाली.

धनजला गावाला लागूनच आमचा मळा आहे. भेंडी, वांगी, कोथिंबीर, पातीचा कांदा असं काही ना काही बारा महिने चालू असतं. सकाळी भाजीचा तोडा करायचा, प्लास्टिकचे कॅरेट भरायचे आणि माल कारंज्याला पाठवायचा. मी या घरात आले तेव्हा शिक्षक भरती आज निघेल, उद्या निघेल असं चाललं होतं. ती निघाली तेव्हा माझा नंबर लागला नाही, आणि पुन्हा निघाली तेव्हा पूर्वा माझ्या पोटात होती. प्रमाणपत्रांची फाइल कपाटात राहिली. गावातल्या बायका मला 'मॅडम' म्हणायच्या, त्यात कौतुक किती आणि चेष्टा किती हे मी कधी तपासून पाहिलं नाही.

कांचन आली ती किन्हीराजाहून, बारावी होऊन. उंच, हाडापेरानं मोठी, हसली की दोन्ही खांदे हलायचे. घरकामात तिचं लक्ष नसे. तिनं गॅसवर ठेवलेलं दूध उतू गेलं नाही असा आठवडा मला आठवत नाही. पण डोळ्यांपुढे इंग्रजी अक्षर आलं की ते मोठ्यानं वाचल्याशिवाय तिला पुढं जाता येत नसे. ट्रकच्या मागचं, बियाण्याच्या पाकिटावरचं, साबणाच्या वेष्टनावरचं, कशावरचंही. उच्चार निम्मे चुकीचे. चूक सांगितली तर रागवायची नाही, "असं का?" म्हणायची आणि सुधारून पुन्हा तेवढ्याच मोठ्या आवाजात वाचायची. मी तिची चूक सांगायचे ती हळू आवाजात. ती सुधारून म्हणायची ती साऱ्या घराला ऐकू जाईल अशी.

तिच्या लग्नाला वर्ष व्हायच्या आतली गोष्ट. भेंडीवर तुडतुडे आले होते. भाऊजींनी, म्हणजे माझ्या दिरांनी, कारंज्याहून औषधाची बाटली आणली. दुकानात गर्दी होती, कुणीतरी भलतीच बाटली हातात दिली असावी. मराठीतला कागदही बाटलीबरोबर नव्हता. सकाळपासून ती बाटली स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलेली. मी तिच्यासमोर दोनदा चहा केला. दुपारी भाऊजी पंपात पाणी भरून औषध मापत होते, तेवढ्यात कांचन तिथून जाताना सवयीनं वाचू लागली, "वीड... किलर."

आणि थबकली.

"अवो, थांबा! वीड म्हंजे तन. किलर म्हंजे मारनारा. हे तं तनाचं औषद हाये. भेंडीवर मारून राह्यले काय तुमी?"

भाऊजींच्या हातातलं माप तिथंच राहिलं. ते औषध फवारलं असतं तर तोड्याला आलेली सगळी भेंडी चार दिवसांत वाळली असती. त्या संध्याकाळी जेवताना माझे यजमान, जे कधी कुणाची स्तुती करत नाहीत, म्हणाले, "कांचननं आज घर वाचवलं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुले नाई दिसली का वं ते बाटली?"

दिसली होती. वाचली नव्हती. वाचायचं कशाला, मला तर येतच होतं.

पूर्वा पाचवीत गेली तेव्हा तिला इंग्रजीत जोडशब्दांचा धडा आला. मी तिला नीट शिकवायला बसले. दोन शब्द मिळून एक नवा शब्द होतो, त्याचे तीन प्रकार. क्लोज्ड म्हणजे एकत्र लिहायचे, ओपन म्हणजे मध्ये जागा सोडून लिहायचे, हायफनेटेड म्हणजे मध्ये आडवी रेघ देऊन. तांबड्या शाईनं तीन मथळे, प्रत्येकाखाली दहा उदाहरणं. इतकं स्वच्छ पान कुठल्या शिक्षकानं दिलं नसतं. पूर्वानं पाठ केलं आणि दुसऱ्या दिवशी तीसही शब्द एकमेकांत कालवले. मी ओरडले. ती रडली. आणि रडत रडत अंगणात काकूकडे गेली.

अंगणात कांचन माल निवडत बसली होती. तिनं काय केलं, तर तीन रिकामे कॅरेट ओळीनं मांडले.

"हे पाय," ती म्हणाली, "हा गच्च शब्दाचा, हा सुट्या शब्दाचा, आन् हा काडीवाल्याचा. आता एकएक भाजी उचल आन् तिचं इंग्रजी नाव सांग."

पूर्वानं बीट उचललं. बीटरूट. "बीट आन् रूट, मधात जागा हाये काय? नाई. चिकटले. टाक गच्चमधी." शेवग्याची शेंग, ड्रमस्टिक, तीही गच्चमध्ये. दुधी भोपळा, बॉटल गोर्ड. "बाटली इकडं, भोपया तिकडं. शेजारी ऱ्हायतात, पन भित हाये मधात. सुट्यात टाक." पातीचा कांदा, स्प्रिंग अनियन, सुट्यात. मी खिडकीतून ऐकत होते. दोन कॅरेट भरत चालले आणि तिसरा रिकामाच राहिला. काडीवाली भाजी काही सापडेना. कांचननं इकडं तिकडं पाहिलं. सासूबाई ओट्यावर कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होत्या. कांचननं पूर्वाच्या पाटीवर खडूनं तीन शब्द लिहिले, तुरीच्या दोन बारीक काड्या उचलल्या आणि शब्दांच्या मध्ये आडव्या ठेवल्या. "मदर, काडी, इन, काडी, लॉ. मदर-इन-लॉ! सापडली आपली भाजी!"

सासूबाई म्हणाल्या, "काय वं, मले कॅरेटात बसवता काय?"

"तुमाले नाई, आई. तुमच्या नावाले."

"मंग माह्या नावात काड्या काहून?"

"काड्या काढल्या तं तिघं तीन वाटंनं पयतात ना!"

पूर्वा हसून लोळली. सासूबाई पुढचे दोन दिवस येईल त्या बाईला सांगत होत्या, "मले इंग्रजीत दोन काड्या लागते बाप्पा." आणि पूर्वाला तो धडा असा आला की आजही झोपेतून उठवून विचारा. संध्याकाळी मी वही काढली तर माझी लेक म्हणाली, "मम्मी, तू नको शिकवू. काकू शिकवते."

तिच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. म्हणून तर ते जास्त लागलं.

महिन्याभरात शेजारच्या पोरी यायला लागल्या, मग त्यांची भावंडंही. संध्याकाळी माल भरून झाला की ओट्यावर पंधरा-वीस पोरं जमायची. कांचन शिकवायची ते मी पाहत असे. पाहत कसली, चुका टिपत असे. तिला सांगायचं म्हणून नव्हे. माझ्यापाशी असाव्यात म्हणून.

एके दिवशी चांगली चूक हाती लागली. त्या दिवशी दोन पोरींच्या आयाही येऊन बसल्या होत्या. कांचननं भेंडी उचलून गच्चच्या कॅरेटात टाकली. "लेडीफिंगर. चिकटलेला."

मी दारातूनच म्हणाले, "कांचन, तो शब्द चिकटलेला नाही. लेडीज फिंगर, दोन शब्द. एकत्र लेडीफिंगर म्हणजे भेंडी नव्हे, एक प्रकारचं बिस्किट असतं. शब्दकोशात बघ." आणि आयांकडे वळून म्हणाले, "पोरांना चुकीचं शिकवलं की पुढं फार त्रास होतो."

कांचननं भेंडीकडे पाहिलं. मग तिचे खांदे हलायला लागले.

"म्हंजे आपन येवढे वर्स बिस्किटं तोडून राह्यलो काय, ताई?"

पोरं अशी हसली की काय सांगू. त्या आयाही हसल्या. कांचननं भेंडी काढून सुट्यांत टाकली आणि म्हणाली, "पोट्टेहो, वह्या काढा. मोठीमायनं सांगतलं ते लिहा. तिले सारं येते." वीस वह्यांत माझी दुरुस्ती उतरली. गावात मात्र त्या बिस्किटाची गोष्ट पसरली, आणि ती कांचनची म्हणून पसरली.

आता जे सांगायचं आहे ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

आमच्या गावातून कारंज्याच्या एका खासगी शाळेत मुलं नेणारी व्हॅन होती. चालवणारे शेषरावभाऊ. त्यांची मुलगी कांचनकडे यायची. एका दुपारी ते दारात आले. कांचन भाचीच्या बारशाला किन्हीराजाला गेली होती, दुसऱ्या दिवशी परतणार होती.

"वैनी, कांचनताईले निरोप द्या," ते म्हणाले. "शाळेत खालच्या वर्गाले इंग्रजीची बाई पायजे. मी मोठ्या मॅडमले सांगतलं तिच्याबद्दल. त्या म्हने, बेस्तरवारी अकरा वाजता पाठवा, शिकवून दाखवा म्हनावं."

मी म्हटलं, "सांगते."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती परतली. बारशाला कोण कोण आलं, पाळण्याला कोणी काय बांधलं, नाव ठेवताना आत्यांची कशी भांडणं झाली, हे सगळं ती हातवारे करून सांगत होती. मी तिला भाकरी वाढत होते. प्रत्येक भाकरीला मला वाटत होतं, आता सांगावं. चार भाकऱ्या झाल्या. ती हात धुवायला उठली.

त्या गुरुवारी, शेषरावभाऊंच्या बेस्तरवारी, दाढ दुखते असं सांगून मी कारंज्याला गेले. पिशवीत फाइल होती.

मोठ्या मॅडमनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, विचारलं, "तुम्हीच का त्या धनजच्या?" मी म्हणाले, "मी धनजचीच." हे खोटं नव्हतं. पुढं मी माझं खरं नाव सांगितलं, प्रमाणपत्रं दाखवली. त्यांनी ती लक्ष देऊन पाहिली आणि मला पाचवीच्या वर्गात नेलं. म्हणाल्या, जोडशब्द घ्या. मी व्याख्या सांगितली, फळ्यावर तीन रकाने काढले, उदाहरणं लिहिली. अक्षर सुंदर आलं. मुलं मान खाली घालून लिहून घेत होती. एकही मूल हसलं नाही. मॅडम म्हणाल्या, "व्याकरण पक्कं आहे तुमचं. मुलं जरा शांतच वाटली." थोडा वेळ फाइल चाळून म्हणाल्या, "या सोमवारपासून."

घरी मी सांगितलं की मी अर्ज केला होता, झालं काम. यजमानांनी पेढे आणले. सासूबाईंनी दृष्ट काढली. आणि कांचन? तिनं आपल्या लग्नातली आंबा रंगाची साडी, जी तिनं अजून घडी मोडून नेसलीही नव्हती, पेटीतून काढून मला दिली. सोमवारी सकाळी माझ्या निऱ्या तिनं धरल्या. खांद्यावर पिन लावताना म्हणाली, "पह्यल्या दिवशी हसजा, ताई. तुमी हासत नाई, पोट्टे भेतात."

व्हॅनमध्ये शेषरावभाऊंनी कांचनचा विषय काढला की मी बोलणं दुसरीकडे वळवायचे. माझी ती नोकरी पहिले पंधरा दिवस ओढून ताणून चालली. मुलं मला घाबरत नव्हती, कंटाळत होती. तिसऱ्या आठवड्यात मी व्हॅनमध्ये तीन रिकामे कॅरेट टाकले. पिशवीत बीट, शेवगा, पातीचा कांदा. तुरीच्या दोन काड्याही घेतल्या. आणि वर्गात कांचनचा तास घेतला. तिचे शब्द, तिचे विनोद, सासूबाईंच्या काड्या, सगळं. फक्त बोली प्रमाण केली. वर्ग असा हसला की शेजारच्या वर्गातले शिक्षक डोकावून गेले. त्या दिवशी घरी परत येताना मला आनंद व्हायला हवा होता. माझ्या मनात एवढंच येत होतं, की हे मला न सुचता तिला का सुचलं?

पालकांच्या मेळाव्यात मॅडमनी माझा तो तास सर्वांसमोर पुन्हा घ्यायला लावला. घरची माणसं बोलावली होती. कांचन हट्टानं आली होती, पहिल्या रांगेत पूर्वाला शेजारी घेऊन बसली होती. मी कॅरेट मांडले तेव्हा तिच्याकडे बघितलं नाही. टाळ्या मात्र तिच्याच सर्वांत आधी ऐकू आल्या.

बाहेर चहाच्या टेबलाशी शेषरावभाऊ तिला म्हणाले, "हे तं तुमचंच हाये, ताई. मंग त्या बेस्तरवारी तुमी काहून नाई आल्या? मी वैनीजवळ निरोप देल्ला होता."

मी चार पावलांवर उभी होते. कांचन त्यांना म्हणाली, "मी गावाले गेली होती भाऊ." बस्स, एवढंच. माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

घरी आल्यावर ती कपडे न बदलता मळ्यात गेली. मीही गेले. पातीच्या कांद्याच्या वाफ्यापाशी ती उभी होती.

"कांचन, तुझं शिक्षण बारावी," मी म्हणाले. हे बोलायला मी गेलेच नव्हते, पण तोंडातून हेच आलं. "तुला त्यांनी ठेवलंच नसतं."

"नसतं ठेवलं," ती म्हणाली. "मालूम हाये मले. पन नाई म्हनाचं ते त्याइनं म्हनाचं होतं, ताई. तुमी कोन?"

तिच्या आवाजात रडं नव्हतं, राग होता, चांगला ठणठणीत. ती पुढं म्हणाली, "कॅरेट नेले त्याचं काई नाई. कॅरेट घरचेच हाये. पन मी तुमाले भाकर मांगून राह्यली होती, आन् तुमी वाढून राह्यल्या होत्या, आन् तुमच्या पोटात ते होतं. त्याचं वाईट वाटते."

माफी मी मागितली नाही. मागायचं ठरवत राहिले.

नंतर आठ-दहा दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. ओट्यावरची शिकवणी बंद. गवार मुकाट्याने मोडली जायची. खरं सांगायचं तर पहिले दोन दिवस मला हलकं वाटलं. घर माझं वाटलं. तिसऱ्या दिवशी पूर्वानं विचारलं, "मम्मी, काकू बिमार हाये का?" आणि सासूबाईंनी न विचारता माझ्याकडे नुसतं पाहिलं.

शिकवणी पुन्हा सुरू झाली ती कांचनच्याच मनानं. तीत माझा काही हात नव्हता.

पुढच्या दिवाळीनंतर भाऊजींना कारंज्याच्या मंडईत बसायला जागा मिळाली. घरचाच माल तिथं विकायचा, म्हणून दोघं तिकडं दोन खोल्या घेऊन राहायला गेली. भांडण झालं नाही, वाटण्याही झाल्या नाहीत. सामान बांधताना तिनं मला एकदाच, पातेल्यांना कागद गुंडाळता गुंडाळता विचारलं, "ताई, घरी राहून, बाहेरून बी.ए. करता येते काय?"

"येतं," मी म्हणाले. "पण इंग्रजी फार अवघड असतं."

दोन्ही वाक्यं खरी होती. दुसरं बोलायची गरज नव्हती. तिनं मान हलवली आणि पुढचं पातेलं घेतलं.

पूर्वा सुट्टीत तिच्याकडे जाऊन राहते. परत आली की आठवडाभर काकूसारखी हसते, खांदे हलवून. मी ते पाहते आणि उठून दुसरं काम काढते. शाळेत माझं नाव झालं आहे. मेळावा असला की माझा वर्ग आधी दाखवतात. तो तास मी दरवर्षी घेते.

परवा सकाळची शाळा सुटल्यावर मी कारंज्याच्या स्टँडवर धनजच्या गाडीची वाट बघत होते. समोर वाशीमची गाडी लागली होती. खिडकीशी कांचन. वजन थोडं वाढलेलं, डोळ्यांवर चष्मा. मांडीवर झेरॉक्सचा गठ्ठा, वर प्लास्टिकच्या पाकिटात हॉलतिकीट. ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. इतक्या वर्षांत मी तिला मनातल्या मनात वाचताना पहिल्यांदा पाहत होते. पूर्वाकडून मला कळलं होतं की काकूची वाशीमला बी.ए.ची परीक्षा आहे. मी चौकशी केली नव्हती.

गाडी सुरू झाली. तिनं डोकं वर केलं, मी दिसले. ती एकदम अर्धी उठली आणि खिडकीच्या गजाला तोंड लावून ओरडली,

"ताई! पासर-बायचं अनेकवचन काय? एस कोठी लागते?"

क्षणभर, खोटं कशाला सांगू, मला वाटलं की गाडीच्या आवाजात ऐकू आलं नाही असं दाखवावं. गाडी मागं सरकून वळायला लागली होती. मग माझे पाय आपोआप निघाले. पिशवी काखेत धरून मी गाडीबरोबर धावायला लागले, आणि शाळेत प्रमाण बोलणारी मी भर स्टँडवर ओरडले,

"पासर्स-बाय! एस पासरले लागते! बायले नाई लागत!"

उसाच्या रसाच्या गाड्यापाशी उभ्या दोन बायांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. कांचननं ऐकलं. तिचे ओठ दोनदा हलले. हसली नाही, हात केला नाही, पुन्हा कागदांत डोकं घातलं. तिला तेवढा वेळ नव्हता. गाडी फाटकातून बाहेर पडून वाशीम रस्त्याला लागली.

मी धापा टाकत उभी राहिले. माझ्या सगळ्या परीक्षा कधीच्या झाल्या आहेत, कागद फाइलीत लागलेले आहेत. तिच्या पोटात त्या वेळी भीतीनं गोळा उठला असणार. तो गोळासुद्धा मला हवासा वाटला.